माजी सैनिक आणि शांतिसैनिकांसाठी शिल्प-स्मारक डिझाइन करायचं असेल तर

स्मारक करायचं ठरलं की पहिल्याच मीटिंगमध्ये चित्र तयार असतं, बंदूक घेतलेला जवान, मागे झेंडा, खाली उंच चौथरा, आणि मग चर्चा एवढीच उरते की पुतळा किती फुटांचा. माझं ऐकाल तर पुतळ्याची गोष्ट तिथे काढूच नका. आधी ठरवा की स्मारक नक्की कुणासाठी आहे आणि तिथे येऊन उभं कोण राहणार आहे. एखादी आई येईल मुलाचं नाव शोधायला, एखादा म्हातारा सुभेदार येईल काठी टेकत, आपल्या पलटणीतल्या जोडीदारासाठी. ही माणसं कुठून चालत येतील, कुठे थांबतील, हात कुठे ठेवतील, यावरून बाकीचं ठरवत गेलं की डिझाइन सहसा भरकटत नाही. उंची, दगड, ब्राँझ, लाइट हे सगळं त्यानंतर.

आता कुणासाठी हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही, कारण एका स्मारकात आपण बऱ्याचदा तीन वेगळी माणसं कोंबतो. एक, जे लढताना गेले. दुसरे, जे नोकरी करून परत आले आणि आज आपल्यात आहेत. तिसरे शांतिसैनिक, निळी टोपी घालून दुसऱ्यांच्या देशात जाऊन उभे राहिलेले. तिघांना एकच खूण चालत नाही. उलटी रोवलेली रायफल, त्यावर हेल्मेट आणि खाली बूट, ही खूण धारातीर्थी पडलेल्या सैनिकाची आहे. जिवंत माजी सैनिकांच्या सन्मानासाठी म्हणून ती लावली तर समोर उभ्या असलेल्या माणसाला आपण त्याचंच थडगं दाखवतो. तिघांना एकत्र घ्यायचंच असेल तर घ्या, पण प्रत्येकाला स्वतःची जागा द्या, कुणीतरी कोपऱ्यातल्या पाटीपुरता उरला असं होऊ देऊ नका.

शांतिसैनिकांबद्दल जरा जास्त बोलतो कारण गोंधळ इथेच होतो. संयुक्त राष्ट्रांची पहिली मोहीम 29 मे 1948 ला मंजूर झाली, म्हणूनच 29 मे हा शांतिसैनिकांचा दिवस पाळतात. हत्यारबंद शांतिसेना पहिल्यांदा उतरली ती 1956 मध्ये, इजिप्तमधल्या सुएझ कालव्याच्या संघर्षाच्या वेळी. 1988 चं शांततेचं नोबेल या शांतिसेनांना मिळालं, आणि आजपर्यंत 4000 पेक्षा जास्त शांतिसैनिक कामावर असताना गेलेत. त्यांचं काम दोन भांडणाऱ्यांच्या मधे उभं राहण्याचं, गोळी शक्यतो न झाडण्याचं, त्यामुळे हल्ला करायला निघालेल्या जवानाची पोज त्यांच्यावर लादली की ते खोटं दिसतं. पण म्हणून ते नुसते उभे राहतात असंही समजू नका, कॅप्टन गुरबचन सिंग सालारिया 1961 मध्ये काँगोत शांतिसेनेतच होते, तिथेच लढता लढता गेले आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं. शिवाय शांतिसैनिक म्हणजे फक्त फौजी नाही, त्यात पोलीस असतात, डॉक्टर असतात, रस्ते आणि पूल बांधणारे असतात. 2007 मध्ये लायबेरियात भारताची फक्त महिला पोलिसांची तुकडी गेली होती. तुमच्या शिल्पात एकही बाई नसेल तर का नाही हे स्वतःला विचारा.

हे सगळं शिल्पात कसं आणायचं याचं एक चांगलं उदाहरण कॅनडात ओटावाला आहे, 1992 चं शांतिसैनिकांचं स्मारक. युद्धात पडलेल्या घरांचे दगड, तुटक्या सळया, कचरा असा ढिगारा, त्यातून दोन भिंती कापत पुढे येतात आणि एका टोकाला मिळतात, आणि वर तीन शांतिसैनिक उभे, त्यात एक बाई. चढाई नाही, आरडाओरडा नाही. दोन भिंती म्हणजे दोन बाजू, मधला ढिगारा म्हणजे जे झालं ते, आणि वर उभी असलेली माणसं म्हणजे पहारा. वाचायला काही पाटी लागत नाही.

अजून एक, संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह असंच उचलून दगडावर कोरता येत नाही, 1946 च्या ठरावापासून त्याचा वापर परवानगीनेच होतो. तेव्हा पत्रव्यवहार आधी सुरू करा, नाहीतर साचा तयार आणि परवानगीचा पत्ता नाही अशी वेळ येते. निळा रंग पण त्रास देतो. ब्राँझवर निळा पेंट मारला की उन्हात काही काळाने उतरतो आणि ओघळल्यासारखा दिसतो. निळसर दगड, काच किंवा मीनाकाम हे टिकतं, पॅटिनाने (म्हणजे धातूवर रसायनांनी आणलेल्या रंगाच्या थराने) निळा-हिरवा आणता येतो पण तो टोपीचा निळा होत नाही, हे कमिटीला आधीच नमुना दाखवून सांगा.

माणसांशी बोलताना

माजी सैनिकांना बसवून "स्मारक कसं हवं" असं विचारलं तर ते पाहिलेल्याच कुठल्यातरी पुतळ्याचं वर्णन करतात, त्यात त्यांचा दोष नाही. त्याऐवजी विचारा की ड्युटीवर दिवसभर काय करायचात, पाठीवर काय असायचं, रात्री थंडीत हात कुठे ठेवायचात, कुठला आवाज अजून आठवतो, परत आल्यावर घरात पहिल्यांदा काय वेगळं वाटलं. यातून शिल्पकाराला खरा मालमसाला मिळतो. रायफलचा पट्टा खांद्यावर कुठे रुततो, थकलेला माणूस वजन कुठल्या पायावर टाकतो, हे फोटोत कळत नाही. वीरपत्नी आणि आईवडिलांशी वेगळं बोला, माजी सैनिकांच्या समोर ते मोकळं बोलत नाहीत, आणि त्यांना हवं असतं ते बऱ्याचदा अगदी साधं असतं, बसायला जागा, सावली, आणि नाव हाताला लागेल एवढ्या उंचीवर.

मग हे सगळं एका पानात लिहून काढा. कुणासाठी, कुठला काळ, किती नावं, काय वाटायला हवं, काय अजिबात नको. एकच पान, दोन नाही. शिल्पकार हे पान वाचून काम करणार आणि नंतर वाद झाला की सगळे याच पानाकडे येणार, म्हणून त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. स्पर्धा ठेवणार असाल तर नावं झाकून एन्ट्री बघा. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकासाठी 1400 पेक्षा जास्त डिझाइन्स आली होती, सगळी बिननावाची, आणि निवडलं गेलं ते 21 वर्षांच्या माया लिन या विद्यार्थिनीचं. नावं दिसत असती तर ती निवडली गेली असती का, शंकाच आहे.

नावं

हा भाग सगळ्यात अवघड आणि सगळ्यात जास्त वेळ घेणारा, आणि लोक याला शेवटचे पंधरा दिवस देतात. पहिला नियम असा की कुणाचं नाव येणार याचा निकष लेखी हवा. लढाईत गेलेले, की ट्रेनिंगमधे गेलेले पण? आजाराने ड्युटीवर गेलेले? बेपत्ता? निकष नसेल तर उद्घाटनाच्या दिवशी एखादा बाप समोर येऊन विचारतो की माझ्या मुलाचं का नाही, आणि तुमच्याकडे उत्तर नसतं.

दुसरं म्हणजे क्रम. हुद्द्याप्रमाणे लावली तर मेल्यानंतर पण साहेब वर आणि शिपाई खाली. बाराखडीप्रमाणे लावली तर शोधायला सोपं, पण एकाच आडनावाची रांग लागली की माणूस हरवतो. व्हिएतनाम स्मारकात 58000 च्या वर नावं आहेत आणि ती पडलेल्या तारखेने लावलीत, त्यामुळे एकाच दिवशी गेलेले मित्र जवळजवळ येतात, परत आलेला सैनिक आपला तो एक दिवस भिंतीवर बरोबर शोधतो. हुद्दा लिहिलेलाच नाही. प्रत्येक नावाजवळ खूण आहे, मेल्याची खात्री झाली असेल तर पत्त्यातल्या चौकटसारखी आकृती, बेपत्ता असेल तर क्रॉस, आणि नंतर खात्री झाली की त्याच क्रॉसवर चौकट कोरता येते. म्हणजे पुढे काय होऊ शकतं याचा विचार दगड कापायच्या आधी केलेला. मला तारखेचा क्रम पटतो, फक्त त्याबरोबर बाराखडीची एक यादी बाजूला हवीच, नाहीतर म्हाताऱ्या माणसाला नाव सापडत नाही. आणि मोकळी जागा सोडा. नावं वाढतात. यादी बंद करून कडेपर्यंत कोरली की पुढचं नाव कुठेतरी वेगळ्या पाटीवर जातं आणि ते त्या घरच्यांना लागतं.

स्पेलिंग हा विषय तर विचारूच नका. सरकारी रेकॉर्डमध्ये एक, घरी दुसरं, पेन्शनच्या कागदावर तिसरं. प्रत्येक कुटुंबाला त्यांच्या नावाची ओळ जशी कोरली जाणार तशीच, त्याच साइजमध्ये छापून पाठवा आणि त्यावर सही घ्या. देवनागरीत तर अजून काळजी घ्या, छोट्या अक्षरात अनुस्वार आणि रफार कोरताना दगडाचा टवका उडतो, आणि रकार-उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतात. रोमन लिपीत 13-14 मिलिमीटरची अक्षरं चालून जातात (व्हिएतनामच्या भिंतीवर साधारण तेवढीच आहेत), देवनागरीत माझ्या मते शिरोरेषेपासून खालपर्यंत 25 मिलिमीटरच्या खाली जाऊ नये आणि दोन ओळींत नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावं. ज्या दगडावर काम होणार त्याच्याच तुकड्यावर सगळ्यात किचकट तीन-चार नावं आधी कोरून घ्या, ज्ञानेश्वर, कृष्णा, हर्षवर्धन असली, आणि मग ते तुकडे उन्हात आणि संध्याकाळी दोन्ही वेळा लांबून वाचून बघा. बारीक दाण्याचा ग्रॅनाइट घ्या, मोठ्या दाण्याचा घेतला की अक्षराची कड तुटते. नावं जमिनीपासून साधारण दोन फुटांपासून सहा फुटांपर्यंतच ठेवा, त्याच्या वरचं नाव वाचता येतं पण हात लागत नाही, आणि लोकांना हात लावायचाच असतो, कागद ठेवून पेन्सिलने नावाचा ठसा घ्यायचा असतो.

काळा पॉलिश केलेला दगड का निवडतात तर त्यात बघणाऱ्याचं प्रतिबिंब पडतं, नावांच्या मधे आपलाच चेहरा दिसतो. (व्हिएतनाम स्मारकाचा काळा ग्रॅनाइट बंगळूरूकडून गेलेला आहे.) पण तोच दगड दुपारी हात भाजेल एवढा तापतो, आणि तोंड पश्चिमेला असेल तर संध्याकाळी चकाकीने एक अक्षर वाचता येत नाही. नावांची भिंत शक्यतो उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे तोंड करून ठेवा.

आकार ठरवताना

माणूस दाखवायचा की नाही, यावर भांडणं होतात आणि होऊ द्यावीत, लवकर झालेली बरी. दोन्ही मार्ग चालतात. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात (2019) एकात एक चक्रं आहेत, त्याग चक्रात ग्रॅनाइटवर 25000 पेक्षा जास्त नावं, आणि सगळ्यात बाहेरच्या रक्षक चक्रात चक्क झाडांच्या रांगा, झाड म्हणजे पहाऱ्यावरचा जवान. पुतळा न करता पहारा दाखवला. दुसरीकडे वॉशिंग्टनचंच कोरियन युद्धाचं स्मारक (1995) बघा, स्टेनलेस स्टीलचे 19 सैनिक, सात फुटांपेक्षा उंच, झुडपांतून गस्तीवर चाललेत, अंगावर वाऱ्याने फुगलेले पाँचो, म्हणजे पावसात डोक्यावरून घालायचे सैल कापड. त्या एका कापडाने किती काम केलंय बघा, हवामान कळतं, पाठीवरचं ओझं कळतं, चाल कळते, आणि प्रत्येक बटण-पट्टा दाखवत बसायची गरज पडत नाही.

आणि केट कोलवित्झ या जर्मन शिल्पकार बाईंचं काम तर प्रत्येकाने बघावं असं आहे. त्यांचा मुलगा पीटर 1914 मध्ये बेल्जियममध्ये मारला गेला, आणि त्याच्यासाठीचं शिल्प पूर्ण व्हायला 1932 उजाडलं. त्यात सैनिकच नाही. गुडघ्यावर बसलेले आई आणि बाप, दोघं वेगवेगळ्या दगडांवर, मधे अंतर. बाप स्वतःचे हात स्वतःभोवतीच घट्ट आवळून ताठ बसलेला, आई पुढे वाकलेली. एकमेकांना हात लावलेला नाही. ते मधलं अंतर हेच डिझाइन आहे. असं एखादं अंतर, एखादी रिकामी जागा तुमच्या डिझाइनमध्ये आहे का ते शोधा.

काहीही ठरलं तरी प्लायवूड, बांबू, कापड जे मिळेल त्याचं पूर्ण साइजचं डमी जागेवर उभं करा आणि काही दिवस तसंच राहू द्या. टेबलावरचं छोटं मॉडेल फसवतं, त्याला आपण वरून बघतो, खरं स्मारक खालून बघायचं असतं. लंडनचं सेनोटाफ, म्हणजे युद्धात गेलेल्यांसाठीचं रिकाम्या थडग्याचं स्मारक, आधी 1919 मध्ये एका परेडपुरतं लाकूड-प्लास्टरचं उभारलं होतं, लोकांनी त्याच्यापाशी एवढी फुलं वाहिली की 1920 मध्ये तेच दगडात बांधावं लागलं. डमीसमोर लोक काय करतात ते बघा, कुठे थांबतात, कुठून चक्कर मारून जातात. मोकळ्या मैदानात माणसाएवढा पुतळा लहान, केविलवाणा दिसतो, सव्वापट तरी करावा लागतो, हे पण डमीवरच कळतं. उंच चौथऱ्याच्या मी विरोधात आहे. सैनिकाला आठ फूट वर चढवला की त्याच्या बुटांशीच गप्पा माराव्या लागतात. शांतिसैनिकाला तर जमिनीवर, लोकांच्या पातळीवरच उभं करा.

बनवताना

ब्राँझ ओतकामाची पद्धत थोडक्यात सांगतो कारण कमिटीला ती माहीत असली की चुकीच्या वेळी बदल सुचवले जात नाहीत. आधी लोखंडी सांगाड्यावर मातीत मूर्ती, मग त्यावर सिलिकॉन रबरचा मोल्ड आणि बाहेरून फायबरचं कवच, मग मोल्डमध्ये साधारण पाच मिलिमीटर जाडीचं मेण, मेणाला धातू जायच्या आणि हवा सुटायच्या नळ्या, त्यावर सिरॅमिकचे थर, भट्टीत मेण वितळून बाहेर, आणि त्या पोकळीत अकराशे-बाराशे अंशांचं ब्राँझ. मोठा पुतळा तुकड्यांत ओततात, मग वेल्डिंग, घासकाम, पॅटिना आणि वरून मेण. धातू थंड होताना एक-दोन टक्के आकसतो. बदल सांगायची शेवटची वेळ म्हणजे माती. मातीच्या टप्प्याला माजी सैनिकांना घेऊन जा, एक तास द्या, ते बरोबर चुका काढतील, बेरे टोपीचा बिल्ला कुठल्या डोळ्यावर येतो, मेडलांचा क्रम, रायफलचं मॉडेल त्या काळातलं आहे का, बुटाची लेस कशी बांधतात. एकदा मेण झालं की तोंड बंद ठेवायचं.

आतल्या सांगाड्याला साधं लोखंड वापरू देऊ नका. ब्राँझच्या आत पाणी साठतं, दोन धातू ओल्यात एकमेकांना लागले की लोखंड झपाट्याने गंजतं, फुगतं आणि पायाजवळ तडा पडतो. 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या, आणि बूट, टोपीची कड, मांडीची घडी अशा जिथे पाणी थांबेल तिथे निचऱ्याची बारीक भोकं ठेवायला सांगा. संगिनीचं टोक, तुटक्या सळया, असल्या गोष्टी पोरांच्या डोळ्याच्या उंचीवर नकोत, पोरं शिल्पावर चढणारच आणि चढू द्यावीत, म्हणून वजनाचा हिशेब करताना वर लटकलेली पोरं पण धरा. इंजिनियरकडून माती तपासून पाया आणि वाऱ्याचं गणित लेखी घ्या. ब्राँझच्या पाट्या भंगारासाठी चोरीला जातात, म्हणून वरून स्क्रू मारायचे नाहीत, मागून रॉड घालून दगडात केमिकलने बसवायच्या.

जागेचं बाकी काम: चढ 1:12 (बारा फुटांत एक फूट) पेक्षा उभा नको, वाट किमान दीड मीटर रुंद म्हणजे व्हीलचेअर वळते, पाठ टेकता येईल आणि उठताना हात धरता येईल असा बाक, फुलं-पुष्पचक्रं ठेवायला एक कट्टा. मेणबत्त्यांसाठी वेगळी जागा करा कारण मेण आणि तेल ग्रॅनाइटमध्ये मुरलं की सहज निघत नाही. चीक आणि फळं गाळणारं झाड शिल्पाच्या डोक्यावर नको. सतत जळणारी ज्योत हवी असेल तर गॅसचं बिल पुढची पन्नास वर्षं कोण भरणार याचं उत्तर आधी मिळवा, विझलेली ज्योत फार वाईट दिसते. लाइट खालून थेट चेहऱ्यावर मारू नका, माणूस भुतासारखा दिसतो, वरून तिरका घ्या, आणि कोरलेल्या नावांवर भिंतीला घासून जाणारा प्रकाश टाका म्हणजे अक्षरांच्या खोबणीत सावली पडते आणि वाचता येतं.

बजेटमधली एक रक्कम मेंटेनन्ससाठी बाजूला काढून ठेवा, उद्घाटनाच्या मंडपावर खर्च करायच्या आधी. वर्षातून एकदा साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवायचं, सुकवायचं, मेणाचा हात द्यायचा. पक्ष्यांची घाण लगेच काढायची, ती पॅटिना खाते. ॲसिड, तारेचा ब्रश, जोरदार पाण्याचा फवारा, सोनेरी ऑइलपेंट, हे चारही बंद. समुद्राजवळ असाल तर वर्षातून दोनदा धुवा आणि पावडरसारखे फिकट हिरवे ठिपके दिसले की जाणकाराला बोलवा. शेवटी एक फाइल करा, त्यात ब्राँझचं मिश्रण, पॅटिनाची कृती, दगडाच्या खाणीचं नाव, अक्षरांचा फॉन्ट, पायाचे ड्रॉइंग, नावांच्या सह्यांचे कागद, आणि मोल्ड कुठे ठेवलाय ते, आणि तिच्या तीन प्रती तीन वेगळ्या ठिकाणी द्या, एक माजी सैनिकांच्या संघटनेकडे, एक जागेची मालकी ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे आणि एक शिल्पकाराकडे.